शब्द कुठला घालू

लक्ष्मीपुरी ठाण्यात, रात्रपाळीला,
माझ्या टेबलावर एकच शब्द चालतो: चोरी.
अज्ञात इसमाने, लबाडीच्या इराद्याने,
संमतीवाचून.
बाकीचे शब्द लोक बरोबर घेऊन येतात
आणि मी ते दारातच काढायला लावते,
देवळाबाहेर चपला काढाव्यात तसे.

चपलांवरून आठवलं.
मागच्या मंगळवारी बालिंग्याचा एक पोरगा आला, अनवाणी.
कापशीची नवी जोडी, अजून करकरत होती म्हणे.
"मॅडम, कुणीतरी ढापली बघा,"
आणि सांगता सांगता स्वतःच हसला.
मी लिहिलं, चोरीस गेली.
वाचून दाखवलं तर त्याचा चेहरा पडला,
जणू आत्ता खरी गेली.

ढापण्यात थोडं हसू शिल्लक असतं.
आमच्या बराकीत साबण ढापतात, छत्री ढापतात,
डब्यातली शेंगदाण्याची चटणी ढापतात,
हवालदार मगदूम अख्खा पेपर ढापतात
आणि कोडं सोडवून जागेवर ठेवतात.
ढापणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं,
तो शेजारीच चहा पीत असतो.

लांबवतात ते एसटी स्टँडावर. पाकीट, मोबाइल.
शब्दातच वस्तू लांब लांब जाताना दिसते,
तावडे हॉटेल, मग हायवे, मग काहीच नाही.
डल्ला कुलूपबंद घरावर.
लंपास फक्त पेपरात होतं;
आजवर एकाही फिर्यादीनं
माझ्यासमोर लंपास म्हटलेलं नाही.

काल आठच्या सुमारास हौसाक्का चौगले आल्या,
वडणग्याहून, वडापनं.
पिशवीत सातबारा, प्लास्टिकात गुंडाळलेला.
"नदीकडंची दोन एकर मळी. भावांनी लाटली."
म्हटलं, बळकावली? मारहाण? दमदाटी?
"न्हाई गं. लाटली."
आणि टेबलावर हात फिरवून दाखवलं,
पोळी लाटतात तसा,
कडेकडेनं, दमानं, कुठं फाटू न देता.
एका साली बांध सरकला.
एका साली विहिरीतली पाळी गेली.
मग आईच्या बाराव्याला, पंगती उठल्यावर,
थोरल्यानं कागद पुढं केला. हक्कसोड.
"आंगठा मीच दिलो बाई.
साडी बी घेतलो. जरीची हुती."

संमतीवाचून, असं छापलंय माझ्या कागदावर.
संमती होती.
मी म्हटलं, मावशी, हे दिवाणी काम,
बावड्याला कोर्टात जावं लागंल.
"जातो की. पर तू शब्द कुठला घातलीस त्ये दाव."

रकाना कोरा होता.

मी हातातल्या पेनाकडे बघत बसले.
निळं, साधं, टोपणाला दोरा बांधल्याची खूण.
सहा वर्षांमागं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत
माझ्या दादानंही कागद पुढं केला होता,
बोट ठेवून दाखवलं होतं,
हितं, आणि हितं, आणि मागच्या पानावर.
मी सह्या केल्या. वळणदार.
शाळेत अक्षराला बक्षीस होतं मला.
बाहेर आल्यावर त्यानं गंगावेशीत थांबून
धारोष्ण दूध पाजलं, मोठा ग्लास,
आणि वरचा फेस पुसायला स्वतःचा रुमाल दिला.
घरी येऊन बघते तर पेन माझ्या मुठीत.

ढापलं होतं मी.
त्या कचेरीतून माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच.
रिफिली बदलत बदलत वापरते अजून.

हौसाक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, दोनदा.
"येतो मी. शेवटचं वडाप चुकंल."
दारातनं वळल्या,
"लिव्ह गं. तुला येतंय तसं लिव्ह."

डायरीत वेळ टाकली, वीस वाजून चाळीस.
पुढं नाव, गाव, गट नंबर.
आणि खाडाखोड न करता: लाटली.
सकाळी साहेब विचारतील,
हे कुठल्या कलमात बसतं?
ते सकाळचं सकाळी.

मगदूम आले, पेपर काखेत.
"जरा पेन बघू तुझं, आडवा सात अडलाय."
दिलं नाही.
त्यांचं काय सांगावं.